तीन पत्ते, दहा आकडे

अकलोलीला जाणारी माणसं दोन प्रकारची. पहिल्या प्रकारची माणसं पहाटे उठून गरम पाण्याच्या कुंडात गुडघे बुडवून बसतात, मग वज्रेश्वरीचं दर्शन घेतात आणि गणेशपुरीला जाऊन घरी परततात. दुसऱ्या प्रकारची माणसं शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून निघून भिवंडीच्या ट्रॅफिकला शिव्या घालत रिसॉर्ट गाठतात, रात्रभर पत्ते कुटतात आणि कुंडाकडे ढुंकूनही बघत नाहीत. आमचा ग्रुप दुसऱ्या प्रकारात मोडतो हे सांगायला नकोच.

गेल्या वेळी तिथे तीन पत्तीवरून जे भांडण झालं, त्यातून हा लेख निघाला. भांडण साधं होतं. एकाकडे तीन अठ्ठ्या, दुसऱ्याकडे बदामची पाच-सहा-सात. पैसे अर्थातच तीन अठ्ठ्यांना गेले, कारण ट्रेल सगळ्यात मोठी. हरणाऱ्यानं (आमच्यातला एकमेव स्टॅटिस्टिक्सवाला) विचारलं, "का? कुणी ठरवलं?" पत्त्यांच्या खेळात जे दुर्मिळ ते मोठं, हा नियम. मग मोजा.

मोजलं. बावन्न पत्त्यांतून तीन पत्ते निवडण्याचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यात ट्रेल ५२ (तेरा किंमती, प्रत्येकीच्या चार तऱ्हा). प्युअर सिक्वेन्स? एक्का-दोन-तीनपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा सिक्वेन्स, गुणिले चार रंग, म्हणजे ४८. म्हणजे प्युअर सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मिळ आहे! तरी आपण पिढ्यान्‌पिढ्या तीन अठ्ठ्यांना पैसे देत आलोय. बाकीची उतरंड मात्र बरोबर आहे. साधी सिक्वेन्स ७२०, कलर १०९६, जोडी ३७४४ आणि उरलेले १६,४४० हात, म्हणजे चारातले जवळजवळ तीन, नुसते 'हाय कार्ड'. चूक फक्त अगदी टोकाला आहे. इंग्रजांच्या 'ब्रॅग' या खेळातून आपल्याकडे हा क्रम आला आणि ब्रॅगमध्येही तिळे सर्वांत वर असतात. पाच पत्त्यांच्या पोकरमध्ये असली गफलत नाही. तिथे २५,९८,९६० हात आहेत आणि क्रम काटेकोर दुर्मिळतेचाच आहे.

चार हातांचा फरक काही कुणाला भिकेला लावणार नाही. पण त्यावरून माझ्या डोक्यात एक जुना किडा वळवळायला लागला. शक्यता ही एक गोष्ट आणि तिच्यावर लावलेला भाव ही दुसरी. या दोन्ही एकच आहेत असं आपण बोलण्यात सर्रास गृहीत धरतो. जुगाराचा सगळा धंदा या दोहोंमधल्या फटीत चालतो.

पोकरमध्ये हे छान दिसतं. समजा टेबलावर चार पत्ते उघडे आहेत, तुमच्या हातात दोन, आणि या सहांत बदामचे चार. एक बदाम आला की फ्लश. न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदाम ९. शक्यता १९.६ टक्के, पाचात एक म्हणा. आता खेळावं की पॅक करावं? नुसत्या शक्यतेवरून सांगताच येत नाही. मध्ये शंभर रुपये पडलेत आणि तुम्हाला वीस टाकायचे आहेत, तर एकशेवीसातले वीस, म्हणजे १६.७ टक्के शक्यता असली तरी पुरे. तुमच्याकडे जास्त आहे, खेळा. तेच मध्ये चाळीसच असतील आणि वीस मागत असतील तर तेहतीस टक्के हवेत, गप्प पत्ते टाका. भाव दर डावात बदलतो आणि तो समोरची माणसं ठरवतात. म्हणून पोकरमध्ये हुशारीला जागा आहे.

ज्या खेळात भाव कायमचा ठरलेला असतो आणि तो एकटा दुकानदार ठरवतो, तिथे काय होतं? त्यासाठी मुंबईच्या बाहेर जायला नको. गिरणगावात जा.

मटका हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलाय, पण त्याचा उगम ऐकला तर कुठल्याही प्रोग्रामरला मजा वाटेल. स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबईत 'आकड्याचा जुगार' चालायचा तो कापसावर. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधले कापसाचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचे. लोक त्या भावातल्या आकड्यांवर पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आलेत. कापसाचा भाव वर जाणार की खाली, हे व्यापाऱ्याला थोडंफार कळतं. पण त्या भावातला शेवटचा आकडा काय येईल हे व्यापाऱ्यालाही कळत नाही आणि खुद्द न्यूयॉर्कलाही नाही. आपण रँडम आकड्यासाठी घड्याळाच्या मायक्रोसेकंदांचा शेवटचा भाग उचलतो, तीच युक्ती! आणि वर मुद्दा असा, की आकडा हजारो मैलांवरून येतोय, तेव्हा काळबादेवीतला कुणी बुकी त्यात हात घालू शकत नाही. विश्वास फुकटात मिळाला.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची जी व्याख्या आहे ती वाचण्यासारखी आहे. कापूस, अफू किंवा इतर मालाच्या बाजारभावावर आणि तो भाव लिहिताना वापरलेल्या संख्येतल्या अंकांवर पैसे लावणं तीत नाव घेऊन आलंय. एवढंच काय, रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारीच्या नंबरातल्या अंकांवर पैज लावणंही आलंय. कायद्याची अशी कलमं वाचली की कळतं, लोकांनी आधी काय काय करून पाहिलं होतं! त्याही आधी पावसाचा सट्टा होता. अमुक वेळात पाऊस पडेल की नाही यावर पैसे. तो प्रकार कायद्यात बसवायला १८९० साली दुरुस्ती करावी लागली.

मग १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून आकडे येणं बंद झालं. आता आली पंचाईत. गिऱ्हाईक तयार, बुकी तयार, भाव ठरलेले, फक्त आकडा नाही. १९६२ मध्ये कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. १९६४ मध्ये फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या रतन खत्री यांनी नियमांत थोडा बदल करून आपला वेगळा मटका काढला. (कल्याण मटका म्हणजे कल्याण गावचा, अशी आमच्या ठाणे जिल्ह्यात बऱ्याच जणांची समजूत असते. तो कल्याणजींचा.) सुरुवातीला चिठ्ठ्या मडक्यात टाकून काढायचे म्हणून 'मटका'. पुढे मडकं गेलं आणि पत्ते आले, नाव तेच राहिलं.

पद्धत अशी. पत्त्यांच्या कॅटातून राजा-राणी-गुलाम बाजूला काढायचे. उरतात ४० पत्ते. एक्का म्हणजे १, दश्शी म्हणजे शून्य. तीन पत्ते काढायचे, चढत्या क्रमानं लावायचे, तो झाला 'पाना'. तिघांची बेरीज करून शेवटचा अंक घ्यायचा, तो 'ओपन'. समजा ३, ६, ८ आले, बेरीज १७, ओपन सत्ता. रात्री पुन्हा तीन पत्ते, तो 'क्लोज'. दोन्ही मिळून 'जोडी'. एका अंकाला रुपयाला नऊ, जोडीला रुपयाला नव्वद. आकडा निघाला की तासाभरात फोनवरून, पानवाल्यावरून, चहावाल्यावरून साऱ्या शहरात.

इथे मला एक जागा फार आवडते. तीनच पत्ते का? दोन का नाहीत? दोन पत्ते काढून बेरजेचा शेवटचा अंक घेतला असता तर खेळ वाकडा झाला असता. चाळीस पत्त्यांतून दोन निवडण्याचे ७८० प्रकार. हिशोब केला तर प्रत्येक विषम अंक ८० प्रकारे येतो आणि प्रत्येक सम अंक ७६ प्रकारे. चाणाक्ष माणसानं वर्षभरात ते हेरलं असतं. तीन पत्त्यांना मात्र दहाही अंक तंतोतंत सारखे येतात. कारण सोपं आहे. तिन्ही पत्त्यांची किंमत एकेकानं वाढवली (९ चा शून्य होईल) तर बेरीज तीनानं सरकते. तीन आणि दहा यांना सामाईक अवयव नाही, त्यामुळे तीन-तीननं सरकत गेलं की दहाही अंकांवरून फेरी पूर्ण होते आणि कुणालाच झुकतं माप मिळत नाही. दोन-दोननं सरकलं की फक्त सम अंक सम अंकांत फिरत राहतात. एकूण पाने होतात २२० आणि दर अंकाच्या वाट्याला बरोबर २२.

म्हणजे आकडा चोख होता. आणि खत्रींच्या मटक्याची ख्यातीही तीच होती, की इथे आकडा खरा निघतो. पत्ते लोकांसमोर उघडायचे, समोरच्या पाहुण्यालाच काढायला लावायचे, असे किस्से जुनी माणसं सांगतात. न्यूयॉर्कचा टेलिप्रिंटर गेला आणि त्याची जागा एका माणसाच्या नावानं घेतली. १९७५ च्या 'धर्मात्मा' सिनेमातली प्रेमनाथची भूमिका त्यांच्यावर बेतलेली असल्याचं बोललं जायचं. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. २०२० च्या मे महिन्यात मुंबईतच वारले.

आकडा चोख असला की लोकांना वाटतं खेळ चोख. पण भाव बघा. दहात एक शक्यता, मिळतात नऊ. शंभरात एक शक्यता, मिळतात नव्वद. रुपयामागे दहा पैसे दुकानाचे, आणि ते उघड उघड. कुणाला फसवायची, पत्ता लपवायची गरजच नाही. तुलनेला म्हणून सांगतो, एका शून्याच्या रूलेटमध्ये दुकान रुपयामागे पावणेतीन पैसे ठेवतं.

पानाचा भाव आणखी गमतीचा. तिन्ही अंक वेगळे असलेल्या पानाला साधारण एकशेचाळीसच्या आसपास, दोन सारखे असले तर दोनशेऐंशी, तिन्ही सारखे असले तर सहाशे. बुकीगणिक थोडं इकडेतिकडे. मडक्यातून चिठ्ठी काढून परत टाकायची असं धरलं, तर तीन वेगळ्या अंकांचा एखादा पाना हजारात सहा वेळा येतो, दोन सारख्यांचा तीन वेळा, तीन सारख्यांचा एकदा. म्हणजे रुपयाला परत ८४ पैसे, ८४ पैसे आणि ६० पैसे. आता तेच पत्त्यांवर करा. चाळीसातून तीन काढायचे आणि काढलेला पत्ता परत टाकायचा नाही. मग तीन सारख्यांचा एखादा पाना ९८८० मध्ये चारदा, म्हणजे २४७० मध्ये एकदाच. सहाशेचा भाव तोच ठेवला तर रुपयाला २४ पैसे! मडकं गेलं आणि कॅट आला एवढ्या एका बदलात, भाव पाटीवर तसाच असताना, लॉटरी लागायची शक्यता निम्म्याहूनही खाली गेली. सॉफ्टवेअरमध्ये आपण याला 'रिफॅक्टरिंग करताना शिरलेला बग' म्हणतो. फक्त इथे बग दुकानाच्या फायद्याचा होता, म्हणून कुणी तक्रार नोंदवली नाही :)

हे सगळं मला सुचतं ते नानांच्या वहीमुळे. नाना म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. लालबागच्या चाळीत राहायचे, गिरणीत साच्यावर होते. दारू नाही, बिडी नाही, फक्त आकडा. रोज एक रुपया ओपनला, एक क्लोजला, पाळीवरून येताना. आणि एक लांबट वही, हिशोबाची असते तशी, जिच्यात रोजचा निकाल उभ्या रकान्यात. घर बदलताना ती माझ्या हाती आली. रकान्यांत लाल पेन्सिलीची वर्तुळं आहेत, तिरप्या रेषा आहेत, एकाला सहा, दोनाला सात असा 'कट' आकड्यांचा तक्ता आहे. एका पानावर, समासात, नानांच्या सुबक अक्षरात लिहिलंय, "तिर्री रुसली. ४१ झाले." म्हणजे एक्केचाळीस निकालांत तीन आलेला नाही. त्यापुढचे आठ दिवस नानांनी रोज दोन्हीकडे तीनच लावलेला दिसतो.

एका शनिवारी मी बसून छोटासा प्रोग्राम लिहिला. रोज दोन आकडे, वर्षाला सहाशे, पूर्ण रँडम. आणि कुठला आकडा सलग चाळीस वेळा गायब राहतो ते मोजलं. हिशोबानंही निघतं. एखादा आकडा पुढच्या चाळीस निकालांत न येण्याची शक्यता ०.९ चा चाळिसावा घात, म्हणजे दीड टक्का. ऐकायला अगदी अशक्यप्राय. पण दहा आकडे आहेत आणि वर्षाला सहाशे निकाल, त्यामुळे असं 'रुसणं' दर वर्षी आठ-नऊ वेळा होणारच. दीड महिन्यातून एकदा कुणीतरी रुसतं. आणि बेचाळिसाव्या खेपेला तिर्री यायची शक्यता? दहात एक. कॅटाला काय माहीत तो एक्केचाळीस वेळा कसा वागला.

पण नाना खुळे नव्हते. हे मला त्या प्रोग्रामनंच शिकवलं. समजा चाळीतल्या शंभर माणसांनी नानांसारखंच रोज दोन रुपये वर्षभर लावले. प्रत्येकानं बाराशे नव्हे, सहाशे रुपये लावले (महिन्याचे पंचवीस दिवस धरलेत, दिवसाला दोन, म्हणजे महिन्याला पन्नास). सरासरीनं प्रत्येकाचे साठ रुपये जाणार. पण सरासरीभोवती विखुरणही दांडगं आहे, सहासष्ट रुपयांचं. म्हणून वर्षअखेरीस शंभरातले अठरा-एकोणीस जण चक्क फायद्यात असतात! एका महिन्यापुरतं बघितलं तर अडतीस जण. दर महिन्याला जवळजवळ चाळीस माणसं खिशात पैसे खुळखुळवत जिना चढतायत, त्यातला एखादा पेढेही वाटतोय, आणि हे आपण डोळ्यांनी बघतोय. मग हा धंदा खोटा कसा? हेच दहा वर्षं चालू ठेवलं तर हजारात दोघं-तिघं फायद्यात उरतात. पण दहा वर्षांचा हिशोब चाळीच्या जिन्यावर कुणी मांडत नाही.

अकलोलीशेजारच्या वज्रेश्वरीचं देऊळ मला यामुळे आठवतं. वसईच्या मोहिमेत चिमाजीअप्पांनी देवीला नवस केला, वसई पडली तर तुझं देऊळ बांधीन. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि किल्ल्यासारखं दगडी देऊळ उभं राहिलं, ते आजही आहे. माझी चिमाजीअप्पांच्या पराक्रमाबद्दल तक्रार नाही. पण फळलेल्या नवसांचीच देवळं होतात. जे सरदार नवस बोलून हरले त्यांची देवळं आपल्याला कुठे दिसणार? चाळीतल्या एक्क्याऐंशी माणसांचंही तसंच.

आणखी एक गोष्ट. दहा टक्के हे प्रत्येक फेरीवर असतात, खिशातल्या पैशांवर नाही. जिंकलेले पैसे पुन्हा लावले, मग पुन्हा, असे शंभर रुपये दहा वेळा पूर्ण फिरले की सरासरीनं पस्तीस उरतात. मोठा भाव दाखवणारा खेळ जेवढा हानिकारक नसतो तेवढा भराभर फिरणारा असतो. मटका दिवसातून दोनदाच निघायचा, हे एका अर्थी नानांचं नशीब म्हणायचं. मोबाइलवरचा खेळ मिनिटाला दोनदा निघतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर. कापड विणायचं थांबलं नाही, ते भिवंडीच्या यंत्रमागांवर गेलं. नानांच्या वहीत जानेवारी नेहमीसारखा आहे. फेब्रुवारीतही निकाल लिहिलेले आहेत, पण शेजारी लावल्याची खूण एक दिवसाआड. एप्रिलपासून खुणा नाहीत, नुसते निकाल. रोजचे दोन्ही, न चुकता, ऑगस्टपर्यंत. पैसे लावायचे थांबवूनही चार-पाच महिने हा माणूस रोज निकाल उतरवून घेत होता. त्या कोऱ्या रकान्यांकडे बघून काय वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही.

असो. मटक्याचा तो बहर १९९५ च्या सुमारास पोलिसांनी जोर लावल्यावर ओसरला.

या काळात कोर्टांत एक वेगळीच चर्चा चालू होती. जुगार कशाला म्हणायचं? १९५७ मध्ये शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांच्या खटल्यात (चमारबागवाला यांचा, मूळ मुंबई राज्याविरुद्धचा) सुप्रीम कोर्टानं दैव आणि कौशल्य यांच्यात रेघ ओढली. १९६७ मध्ये रमीला कोर्टानं मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवलं, कारण कुठले पत्ते गेले हे लक्षात ठेवावं लागतं, काय धरायचं काय टाकायचं याला डोकं लागतं. त्याच निकालात तीन पत्तीला, 'फ्लश' आणि 'ब्रॅग' या नावांनी, निव्वळ दैवाचा खेळ म्हटलंय. मला हे पूर्ण पटत नाही. तीन पत्तीत ब्लाइंड किती वेळ जायचं, समोरचा थापा मारतोय का, यात पोकरइतकी नसली तरी बरीच अक्कल लागते. उलट मटक्यात अक्कल वापरायला दारच नाही, नानांनी वहीभर वापरली तरी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन पैशांच्या खेळांबद्दल जो कायदा केला त्यात ही रेघच पुसून टाकली. खेळ कौशल्याचा असो, दैवाचा असो की मिसळ, पैसे लावून ऑनलाइन चालवायचा नाही. मला कायदा थोडा सरसकट वाटतो, पण मिनिटाला दोनदा फिरणाऱ्या पैशांचं गणित बघितलं की विरोध करताना माझाच आवाज बारीक होतो.

मोजता येणं आणि जुगार यांचं नातं आपल्याकडे फार जुनं आहे. महाभारतात नळराजा द्यूतात सर्वस्व हरतो आणि पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघून पानं-फळं किती ते क्षणात सांगतो. नळ रथ थांबवून मोजतो, तर हिशोब बरोबर! मग ऋतुपर्ण त्याला अक्षविद्या शिकवतो आणि नळ राज्य परत जिंकतो. झाड बेहड्याचंच असण्याला कारण आहे, त्या काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरायचे. युरोपात पास्कल आणि फर्मा यांची याच विषयावरची पत्रं १६५४ ची. आपण मात्र गोष्टीतली विद्या गोष्टीतच ठेवली, पुढची समीकरणं कुणी लिहून ठेवली नाहीत.

लिहिली ती फार नंतर, आणि त्यातलं एक नाव तुम्हाला वेगळ्याच कारणानं माहीत असेल. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ साली जन्मलेले, भारताच्या प्राचीन इतिहासाकडे बघायची रीत बदलणारे कोसंबी पेशानं गणितज्ञ होते. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये यायचे. जुन्या नाण्यांची वजनं करून, ती चलनात किती झिजली यावरून काळ काढायचा, हे त्यांचं शक्यताशास्त्राचंच काम. १९५८ मध्ये त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये एक निबंध छापला, विषय होता पत्ते पिसणं! हातानं पिसलेला कॅट खरोखर किती पिसला जातो? हा प्रश्न तेव्हा चेष्टेचा नव्हता. अमेरिकेत ऱ्हाइन नावाचे प्राध्यापक पत्ते ओळखायला लावून 'अतींद्रिय शक्ती' सिद्ध करू पाहत होते. त्यांच्या कॅटात पाच चिन्हांचे पंचवीस पत्ते, म्हणजे नुसत्या अंदाजानं सरासरी पाच बरोबर येणार. सहा-सात आले की चमत्कार. पण पत्तेच नीट पिसलेले नसतील तर चमत्कार माणसाचा की कॅटाचा?

पुढे १९९२ मध्ये दोन अमेरिकन गणितज्ञांनी दाखवलं, की कॅटाचे दोन भाग करून एकमेकांत फर्रकन मिसळले, कॅसिनोत करतात तसे, तर सात वेळा लागतात. आपण घरी डाव्या हातात कॅट धरून उजव्या हातानं गठ्ठे खाली सोडत पिसतो, त्या पद्धतीला हजारोंच्या संख्येत पिसावं लागतं. हजारो!

विश्वास बसत नसेल तर कागदावर करून बघा. एका वेळच्या पिसण्यात आपण कॅटाचे साधारण आठ गठ्ठे पाडतो. म्हणजे ५१ जोडांपैकी फक्त सात तुटतात, बाकीचे पत्ते आपापल्या शेजाऱ्यासकट जसेच्या तसे सरकतात. सहा वेळा पिसलं तर ५१ पैकी सुमारे २१ जोड शाबूत राहतात. खरोखर रँडम कॅटात सरासरी एकच राहायला हवा. आता विचार करा, मागच्या डावात कुणीतरी ट्रेल दाखवली, ते तीन पत्ते एकावर एक ठेवून गोळा केले, आणि पिसणाऱ्याला घाई आहे.

आमच्या स्टॅटिस्टिक्सवाल्याला मी हे सांगितल्यावर त्यानं नवा कॅट विकत आणला, सगळे पत्ते क्रमानं लावले, माझ्याकडून सहा वेळा पिसून घेतले आणि जोड मोजले. तेवीस निघाले. तेव्हापासून आमच्यात पत्ते पिसायचं काम माझ्याकडे नाही.